उकळते पाणी आणि ६९ अंश

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. शेगडीवर चंचुपात्रात पाणी खळखळ उकळते आहे. के टाइप थर्मोकपलचे टोक त्यात बुडवलेले आहे आणि त्याच्या दोन्ही तारा बाकावरच्या साडेसहा अंकी मल्टीमीटरला जोडल्या आहेत. मीटरवर आकडा दिसतो २.८१० मिलिव्होल्ट. पुढचे एकदोन अंक सोडले तर तो हलतही नाही. विद्यार्थी के टाइपचा तक्ता उघडतो, बोट फिरवत त्या आकड्यापर्यंत येतो आणि थबकतो. तक्ता म्हणतो, तापमान ६९ अंश सेल्सिअस. समोर तर पाणी उकळते आहे.

अशा वेळी आधी थर्मोकपल बदलून पाहिले जाते, मग मीटर बदलला जातो, आणि दुसऱ्या मीटरवरही तोच आकडा आला की गोंधळ आणखी वाढतो. खरे तर दोन्ही उपकरणे चोख काम करत आहेत. चुकला आहे तो हिशेब. थर्मोकपल एखाद्या जागेचे तापमान सांगत नाही, ते आपल्या दोन टोकांच्या तापमानांतल्या फरकामुळे तयार झालेला विजेचा दाब (व्होल्टेज) सांगते. छापील तक्ता तयार करताना दुसरे टोक शून्य अंशावर, म्हणजे वितळत्या बर्फात, आहे असे धरलेले असते. इथे दुसरे टोक मीटरच्या टर्मिनलवर होते आणि ते टर्मिनल होते ३० अंशांवर. तक्त्यात ३० अंशांसमोर १.२०३ मिलिव्होल्ट आहेत. तेवढे मीटरच्या आकड्यात मिळवले की ४.०१३ होतात, आणि ४.०१३ समोर तक्त्यात आहेत ९८ अंश. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळते. हिशेब जुळला.

थर्मोकपल घेऊन काम करणाऱ्या बहुतेकांचे सगळे लक्ष गरम टोकाकडे असते. ते भट्टीत नीट बसले का, तेलात पुरेसे बुडाले का, हे चारदा पाहिले जाते. मीटरकडच्या टोकाकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. कारखान्यात या टोकाला ‘कोल्ड जंक्शन’ म्हणतात. त्या नावामुळे ते थंड आहे आणि थंड असल्यामुळे बिनमहत्त्वाचे आहे असे वाटत असेल, तर तो समज आधी मनातून काढून टाकावा. वाचनातल्या चुकांचा मोठा वाटा याच टोकाला जन्माला येतो.

दाब नेमका कुठे तयार होतो, हे समजले की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस योहान सीबेक यांनी दोन वेगळ्या धातूंचे वेटोळे करून त्याचा एक जोड तापवला, तेव्हा जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळली. त्यांना तो चुंबकत्वाचा परिणाम वाटला. सुई वळवणारा हा विजेचा प्रवाह आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी ओळखले. तेव्हापासून आजपर्यंत एक गैरसमज मात्र टिकून आहे, तो म्हणजे दाब टोकावरच्या मण्यात, वेल्ड केलेल्या जोडात, तयार होतो. तसे नसते. मण्याचे काम फक्त दोन तारा एकत्र बांधून ठेवण्याचे. दाब तयार होतो तो तारेच्या लांबीत, जिथे जिथे तापमान बदलत जाते तिथे. भट्टीच्या बाबतीत हा भाग भिंतीतून बाहेर येणाऱ्या दोन वितींचा असतो. आत ९०० अंश, बाहेर ४०. सगळी कमाई त्या दोन वितींत होते. म्हणून तिथेच तार वाकून पिचली असेल, गंजली असेल किंवा कोणी मध्येच दुसरी तार जोडली असेल, तर टोकावरचा मणी कितीही सुबक असला तरी वाचन चुकते. जुना प्रोब नेहमीपेक्षा चार बोटे आत-बाहेर सरकवला की आकडा बदलतो, त्याचेही कारण हेच. तारेचा वेगळा, कमीअधिक झिजलेला भाग आता त्या उतारावर येतो.

आता हिशेबाकडे परत येऊ. बेरीज करायची ती मिलिव्होल्टची, अंशांची नाही. घाईत माणूस काय करतो? मीटरवरच्या २.८१० चे तक्त्यातून ६९ अंश काढतो, टर्मिनलचे ३० अंश त्यात मिळवतो आणि ९९ लिहून मोकळा होतो. चूक एकाच अंशाची झाली, कारण के टाइपचा आलेख या पट्ट्यात जवळपास सरळ आहे. प्लॅटिनमच्या एस टाइपवर हीच सवय महागात पडते. समजा भट्टी १००० अंशांवर आहे आणि टर्मिनल ३० वर. एस टाइप १००० ला ९.५८७ मिलिव्होल्ट देते आणि ३० ला ०.१७३. मीटरवर दिसतील ९.४१४. त्याचे तक्त्यातून होतात ९८५ अंश. त्यात ३० मिळवले की १०१५. पंधरा अंशांची चूक, आणि तीही सगळी उपकरणे बिनचूक असताना! योग्य क्रम असा: टर्मिनलचे तापमान मोजावे, तक्त्यातून त्याचे मिलिव्होल्ट काढावेत, मीटरच्या आकड्यात मिळवावेत आणि शेवटी एकदाच तक्त्यातून अंश काढावेत. तक्ता १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापश्रेणीवर आधारलेला असावा. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने १९९३ साली मोनोग्राफ १७५ मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले आणि ते सर्वांना खुले आहेत. जुन्या वहीत चिकटवलेल्या, कुठून आला हे माहीत नसलेल्या तक्त्यावर विसंबू नये.

टर्मिनलचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान नाही. भिंतीवरच्या तापमापकात २७ दिसत असताना तासभर चालू असलेल्या मीटरच्या टर्मिनलजवळ तीन-चार अंश जास्त असू शकतात. मीटरच्या आत वीज खर्च होते, उष्णता तयार होते आणि ती पुढच्या पट्टीपर्यंत पोचते. वर एसीचा झोत एका टर्मिनलवर पडत असेल तर दोन टर्मिनलांतही फरक पडतो. के टाइपमध्ये टर्मिनलच्या तापमानातली एका अंशाची चूक वाचनात जवळपास जशीच्या तशी उतरते. त्यामुळे इथे आळस करून चालत नाही.

सोपा उपाय असा. थर्मोकपलच्या दोन्ही तारा टर्मिनलच्या स्क्रूखाली थेट आवळाव्यात. दोन्ही टर्मिनलांना टेकेल असा एक छोटा पीटी-१०० संवेदक तिथे बसवावा. त्याचा टर्मिनलशी विजेचा संपर्क येऊ नये, पण उष्णतेचा यावा, म्हणून मध्ये कॅप्टॉन टेपचा एक थर द्यावा. पीटी-१०० चा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि ३० अंशांना १११.६७ ओहम. दुसऱ्या एखाद्या मीटरवर तो चार तारांनी मोजावा. सगळ्यावर थर्माकोलचा छोटा डबा उलटा ठेवावा, म्हणजे पंख्याचा वारा लागत नाही. नंतर निदान पंधरा मिनिटे हात लावू नये. थर्माकोलचा तो डबा पाहून लोक हसतील, पण शेवटचे दोन अंक हलायचे थांबतात ते त्यानेच.

ज्या मल्टीमीटरमध्ये थर्मोकपलची सोय आधीच असते, त्यात हे सगळे आपोआप होते असे मानले जाते. इथे सावध राहावे. मेनूमध्ये जाऊन कोल्ड जंक्शनचे तापमान मीटर कुठून घेतो ते पाहावे. काही मीटर आतल्या संवेदकावरून घेतात, काही बाहेरच्या संवेदकाची वाट पाहतात, आणि काहींत वापरणाऱ्याने भरलेला ठरावीक आकडा धरला जातो. तो आकडा कोणी न भरता कारखान्यातून आलेला तसाच राहिला, समजा २३, आणि मे महिन्यात टर्मिनल ३२ अंशांवर असले, तर पडद्यावर दिसणारे तापमान खऱ्यापेक्षा नऊ अंशांनी कमी असेल. पडद्यावर दशांशचिन्हानंतर दोन आकडे असतील आणि दोन्ही व्यर्थ. के टाइपचा पिवळा प्लग लागणाऱ्या हातातल्या मीटरची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा संवेदक आत असतो, पण एसीच्या ऑफिसमधून मीटर उचलून थेट भट्टीच्या शेडमध्ये नेला तर आतला संवेदक आणि सॉकेट काही काळ वेगवेगळ्या तापमानांना असतात. अर्धा तास तिथे ठेवून मगच मोजावे.

ज्यांना अर्ध्या अंशापेक्षा चांगले काम हवे आहे त्यांनी टर्मिनलचा प्रश्नच मिटवून टाकावा आणि दुसरे टोक खरोखर बर्फात ठेवावे. त्यासाठी थर्मोकपलच्या दोन्ही तारांना तांब्याच्या तारा जोडायच्या, ते दोन जोड वेगवेगळ्या बारीक काचनळ्यांत घालून बर्फात बुडवायचे आणि तांब्याच्या तारा मीटरकडे न्यायच्या. आता मीटरच्या दोन्ही टर्मिनलांना तांबेच येते. दोघांचे तापमान सारखे असले की झाले, ते किती आहे याची काळजी करावी लागत नाही. मीटर जे मिलिव्होल्ट दाखवेल ते थेट तक्त्यात पाहावेत.

बर्फ मात्र नीट करावा लागतो. बाजारातली लादी नको. ती कसल्या पाण्याची आहे हे कळत नाही, आणि क्षार विरघळलेल्या पाण्याचा बर्फ शून्याच्या खाली वितळतो. डिस्टिल्ड पाणी फ्रीजच्या ट्रेमध्ये गोठवावे, तो बर्फ बारीक फोडावा, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये काठोकाठ भरावा आणि फटी भरण्यापुरतेच थंड डिस्टिल्ड पाणी घालावे. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ पांढरा आणि कोरडा दिसतो, कारण तो शून्याच्या बराच खाली असतो. तो ओलसर, काचेसारखा दिसू लागेपर्यंत थांबावे. पुढची चूक तर भल्याभल्यांकडून होते. बर्फ तरंगतो. वितळलेले पाणी तळाशी साचते, आणि पाणी सर्वांत जड असते ४ अंशांना. त्यामुळे थर्मासच्या तळाशी बर्फ पोचत नसेल आणि नळी तळाला टेकली असेल, तर तो जोड शून्यावर नसून तीन-चार अंशांवर बसलेला असू शकतो. पाणी अधूनमधून काढून टाकावे, वरून बर्फ भरत राहावे आणि नळीचे टोक बर्फाच्या मधोमध ठेवावे. एवढे केले की शून्य अंश अगदी शंभराव्या भागापर्यंत भरवशाचा मिळतो, तोही जवळपास फुकट.

मीटरकडून काय अपेक्षा ठेवाव्यात? के टाइप खोलीच्या तापमानाजवळ दर अंशाला साधारण ४० मायक्रोव्होल्ट देते. साध्या साडेतीन अंकी हातातल्या मीटरची २०० मिलिव्होल्टची रेंज ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवते, म्हणजे अडीच अंश. त्यावर अर्ध्या अंशाच्या गप्पा मारता येत नाहीत. बेंच मल्टीमीटरची गोष्ट निराळी. कॉलेजांत आणि कारखान्यांत आजही भरपूर दिसणाऱ्या ॲजिलंट ३४४०१ए चे उदाहरण घ्यावे. त्याच्या १०० मिलिव्होल्ट रेंजची वर्षभराची अचूकता वाचनाच्या ०.००५० टक्के अधिक रेंजच्या ०.००३५ टक्के अशी दिलेली आहे. चार मिलिव्होल्टच्या वाचनावर ती पावणेचार मायक्रोव्होल्टच्या आत बसते. के टाइपमध्ये हे ०.१ अंशापेक्षाही कमी झाले. म्हणजे चांगला मीटर असेल तर तो साखळीतली सर्वांत कच्ची कडी नसतोच.

पण ती अचूकता काही अटींवर मिळते. मीटर निदान एक तास चालू असावा. ऑटोझीरो बंद करू नये. रेंज १०० मिलिव्होल्टवर पक्की ठेवावी, मध्येच ऑटोरेंज होऊ देऊ नये. मोजण्याचा वेळ विजेच्या १० किंवा अधिक आवर्तनांचा निवडावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे आणि दहा आवर्तने ०.२ सेकंदांची. तेवढ्यात तारांवर आलेली मेन्सची घरघर अधिक-उणे होऊन नाहीशी होते. परदेशातून आणलेला जुना मीटर ६० हर्ट्झवर लावलेला नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे. शेवटी तांब्याच्या स्वच्छ तारेने इनपुट शॉर्ट करावे, पाच मिनिटे थांबावे आणि जे दोन-तीन मायक्रोव्होल्ट उरतील ते ‘नल’ बटणाने काढून टाकावेत. शॉर्ट करण्यासाठी निकेल लावलेली पितळी पट्टी वापरू नये.

शॉर्ट तांब्याचाच का? कारण मीटरपर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक वेगळा धातू हा स्वतःच एक छोटे थर्मोकपल असतो. तांबे आणि तांबे यांच्या स्वच्छ जोडात अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त गडबड होत नाही. तांबे आणि शिसे-कथिलाचे सोल्डर यांच्यात ती १ ते ३ मायक्रोव्होल्टपर्यंत जाते. काळ्या पडलेल्या तांब्यावर, म्हणजे तांबे आणि तांब्याच्या ऑक्साइडमध्ये, ती अंशाला हजार मायक्रोव्होल्टच्या घरात पोचू शकते. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत महिनाभर उघडी पडलेली तार पॉलिशपेपरने घासून मगच आवळायची, ती यासाठी. दोन्ही जोड सारखे असले आणि सारख्या तापमानाला असले, तर ही सगळी देणीघेणी एकमेकांना फेडून टाकतात. एका बाजूला बनाना पिन आणि दुसऱ्या बाजूला नुसती पिळलेली तार असे अर्धवट प्रकार टाळावेत.

थर्मोकपल लांब असेल आणि मीटर दूर असेल तर मधली केबल कोणती, हा प्रश्न येतो. भट्टीवरच्या हेडमध्ये ६० अंश आहेत, मीटर ३० अंशांच्या खोलीत आहे आणि मध्ये साधी तांब्याची वायर टाकली आहे, असे कित्येक ठिकाणी दिसते. मग ६० ते ३० मधला फरक हिशेबातून गळतो आणि वाचन साधारण ३० अंशांनी कमी येते. मध्ये त्याच टाइपची एक्स्टेन्शन किंवा कॉम्पेन्सेटिंग केबलच हवी. तीही सुलट लावायला हवी. दोन्ही टोकांना उलटी लागली तर मीटरवर तापमान वाढताना वाढते आणि उतरताना उतरते, त्यामुळे संशय येत नाही; पण याच उदाहरणात वाचन सुमारे ६० अंशांनी कमी येते. एकाच टोकाला उलटी लागली असती तर भट्टी तापताना आकडा खाली गेला असता आणि चूक लगेच पकडली गेली असती. दुहेरी चूक जास्त घातकी.

रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आपल्याला लाल म्हणजे धन अशी सवय आहे. अमेरिकी पद्धतीत मात्र थर्मोकपलची लाल तार नेहमी ऋण असते आणि के टाइपमध्ये पिवळी धन. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत के टाइपची हिरवी तार धन आणि पांढरी ऋण. भारतातल्या बाजारात दोन्ही पद्धतींचा माल शेजारीशेजारी मिळतो. खात्री करण्यासाठी एक लोहचुंबक खिशात ठेवावा. के टाइपमधली अल्युमेलची ऋण तार चुंबकाला चिकटते, क्रोमेलची धन तार चिकटत नाही. जे टाइपमध्ये उलटे, तिथे धन तारच लोखंडाची असते.

आता गरम टोक. इथे सूचना थोड्या आहेत, पण प्रत्येक महत्त्वाची. प्रोब त्याच्या जाडीच्या निदान दहापट खोल बुडलेला असावा. ६ मिलिमीटर जाड प्रोब दोन सेंटिमीटर तेलात बुडवला तर त्याचा धातूचा दांडाच उष्णता बाहेर ओढून नेतो आणि टोक तेलापेक्षा थंड राहते. पृष्ठभागाचे तापमान मोजणे याहून अवघड. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर जाड तारेचे थर्मोकपल टेकवले तर मोजले जाते ते थर्मोकपलने थंड केलेले टोक. तिथे बारीक तार घ्यावी आणि ती मण्यापासून दोनेक सेंटिमीटर पृष्ठभागालाच चिकटून जाऊ द्यावी, म्हणजे तारेतून उष्णता पळत नाही. गरम हवेचे तापमान मोजताना लालबुंद कॉइल थर्मोकपलला थेट दिसत असेल तर ते हवेपेक्षा जास्त दाखवते. मध्ये पत्र्याचा आडोसा धरावा.

एक सूचना जिवाशी गाठ असल्यामुळे वेगळी सांगावी लागते. काही प्रोबमध्ये मणी बाहेरच्या धातूच्या नळीलाच जोडलेला असतो. अशा प्रोबचे टोक भट्टीच्या उघड्या कॉइलला लागले तर थर्मोकपलच्या तारेवर, आणि तिथून मीटरच्या टर्मिनलवर, २३० व्होल्ट येऊ शकतात. भट्टी बंद असतानाच प्रोब बसवावा, मेटल बॉडीला अर्थिंग आहे याची खात्री करावी आणि चालू भट्टीवर टर्मिनलच्या उघड्या स्क्रूला हात लावू नये. शक्य असेल तिथे आतून विलग असलेला, म्हणजे अनग्राउंडेड, प्रोबच मागवावा. त्याचा प्रतिसाद थोडा सावकाश असतो, पण मेन्सची घरघरही कमी येते.

वाचन अजिबात बसत नसेल, आकडा भरकटत असेल तर तार तुटली आहे का ते पाहावे. बेंच मल्टीमीटरचा इनपुट रोध १०० मिलिव्होल्ट रेंजवर प्रचंड असतो. तुटलेले थर्मोकपल लावले तरी तो शून्य दाखवत नाही, काहीतरी दाखवत राहतो. मीटर ओहमवर टाकावा. चांगले थर्मोकपल काही ओहमपासून शंभरएक ओहमपर्यंत दाखवते, तुटलेले काहीच दाखवत नाही. तापलेल्या थर्मोकपलचा स्वतःचा दाब ओहमच्या वाचनात मिसळतो, म्हणून ते खोलीच्या तापमानाला असताना तपासावे.

एवढे सगळे केल्यावरही थर्मोकपलची स्वतःची मर्यादा उरते. आयईसीच्या मानकाप्रमाणे के टाइपच्या पहिल्या वर्गाची सूट ±१.५ अंश किंवा ०.४ टक्के, यांतले जे मोठे ते. दुसऱ्या वर्गाची ±२.५ अंश किंवा ०.७५ टक्के. म्हणजे दुकानातून आणलेला दुसऱ्या वर्गाचा प्रोब १००० अंशांना साडेसात अंश चुकला तरी त्याला सदोष म्हणता येत नाही. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून पाश्चरायझेशन होते. ७२ दाखवणारा असा प्रोब प्रत्यक्षात ६९.५ वर असेल तर? मीटर कितीही महागडा असो, ही चूक तो दाखवू शकत नाही. के टाइपचा आणखी एक स्वभाव आहे. साधारण २५० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात बराच काळ राहिले की मिश्रधातूची आतली रचना बदलते आणि वाचन काही अंशांनी सरकते. कमी ऑक्सिजनच्या भट्टीत ८०० अंशांच्या वर क्रोमेलमधले क्रोमियम जळू लागते. कामगार ज्याला हिरवी कीड म्हणतील तसा हिरवट थर तारेवर येतो आणि भट्टी खऱ्यापेक्षा थंड दिसते. अशा कामासाठी एन टाइप आहे, आणि तो के टाइपच्या या दोषांवर उपाय म्हणूनच आला.

आपल्या प्रोबची चूक किती, हे घरच्या घरी निदान तीन ठिकाणी पाहता येते. पहिली जागा बर्फ. दुसरी उकळत्या पाण्यावरची वाफ, पाणी नाही; कारण पाणी थोडे जास्त तापू शकते. उत्कलनबिंदू गावाच्या उंचीप्रमाणे धरावा: मुंबईत १००, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळ. तिसरी जागा सोल्डर. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर नेमके १८३ अंशांना गोठते. पोलादी वाटीत ते वितळवून नळीत बंद असलेला प्रोब त्यात बुडवावा आणि शेगडी बंद करून दर पाच सेकंदांनी मिलिव्होल्ट लिहावेत. उतरता उतरता आकडा काही वेळ एका जागी थांबतो. टर्मिनल ३० अंशांवर असतील तर तो ६.२५७ मिलिव्होल्टच्या जवळ थांबायला हवा, कारण के टाइप १८३ अंशांना ७.४६० देते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नंतर हात धुवावेत, शिसे आहे. बाजारात जास्त मिळणारे ६०-४० सोल्डर या कामाला नको, ते एका तापमानाला गोठत नाही.

जिथे कागदावर सही लागते, औषधांच्या कारखान्यात, डेअरीत, वाहनांच्या सुट्या भागांच्या हीट ट्रीटमेंटमध्ये, तिथे एनएबीएल या मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्यावे. त्या प्रयोगशाळांच्या मोजमापाचा धागा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जातो. पाठवताना प्रोब त्याच्या नेहमीच्या केबलसकट पाठवावा आणि तो भट्टीत किती खोल जातो ती खूण त्याच्यावर करून द्यावी. वेगळ्या खोलीवर केलेले कॅलिब्रेशन आपल्या भट्टीला लागू पडत नाही.

आणि नोंदवहीत नुसते तापमान लिहू नये. मीटरवरचे मिलिव्होल्ट, त्या वेळचे टर्मिनलचे तापमान आणि प्रोबचा क्रमांक या तीन गोष्टी प्रत्येक ओळीत लिहाव्यात. बेरीज चुकली, तक्ता चुकला किंवा मीटरमध्ये २३ अंश तसेच राहून गेले, तरी या तीन आकड्यांवरून खरे तापमान सहा महिन्यांनीही काढता येते.